अलेप्पीची हाऊसबोट घ्यायची की नको?

प्रश्न: डिसेंबरात आई-बाबांना घेऊन केरळच्या बॅकवॉटरला जायचं ठरतंय. बाबा 74 वर्षांचे, आईचे गुडघे दुखतात, दोघंही पक्के शाकाहारी. धावपळ नको, नुसतं निवांत बसून हिरवंगार बघायचंय. सगळे म्हणतात दोन रात्री हाऊसबोटच घे. घेऊ का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर: दोन रात्री तर अजिबात नको, आणि मला विचाराल तर एकही नसली तरी काही बिघडत नाही. संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला हाऊसबोटी काठाला लावतात, कारण पुढे मच्छीमारांची जाळी टाकायची वेळ असते. म्हणजे पैसे तरंगायचे भरायचे आणि झोपायचं काठाला बांधलेल्या खोलीत. आम्ही गेलो तेव्हा एका बाजूच्या बोटीवर अंताक्षरी, दुसरीचा जनरेटर पहाटेपर्यंत धडधडतोय, आणि एसी रात्री नऊनंतरच चालू होणार हे आम्हाला पैसे भरून झाल्यावर कळलं! निवांतपणा वगैरे सगळा पाण्यात गेला.

तसं या बोटींचं मूळ फार छान आहे. केट्टुवळ्ळम म्हणजे बांधलेली होडी, फळ्या खिळ्यांनी नाही तर काथ्याच्या दोरीने शिवलेल्या, पूर्वी यातून कुट्टनाडचं, म्हणजे अलेप्पीच्या आसपासच्या सखल भागातलं, भात कोचीला जायचं. बघायची हौस असेल तर दिवसभराची घ्या आणि संध्याकाळी उतरा. फळीवरून चढावं लागतं का, कमोड आहे का, हे फोनवरच विचारून ठेवा, आईंसाठी.

रात्रीसाठी अलेप्पीजवळच्या कैनकरी किंवा नेडुमुडी गावाकडे कालव्याकाठचा एखादा होमस्टे बघा. मोठ्या बोटी शिरत नाहीत असे अरुंद कालवे तिकडे आहेत, सकाळी छोटी शिकारा करून त्यात जायचं. कुट्टनाडची भातशेती समुद्रसपाटीच्या खाली आहे, त्यामुळे एका बाजूला बांध, बांधावरून कुणीतरी सायकल हाणत चाललाय, आणि त्याच्या पलीकडचं भात तुमच्या होडीपेक्षाही खाली, हे पहिल्यांदा बघितलं की डोळ्यांना पटतच नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पंपाने पाणी उपसून पेरणी करतात, म्हणून डिसेंबर-जानेवारीत शेतं खरंच हिरवी असतात.

आणि अलेप्पी ते कोट्टयम सरकारी बोट चुकवू नका, साधारण अडीच तास, तिकीट दोन वडापावच्या पैशात. पुढे बसलेला सारंग, म्हणजे बोट हाकणारा, दोरी ओढून घंटी वाजवतो आणि त्या इशाऱ्यावर मागचा माणूस इंजिन कमीजास्त करतो, मध्येच शाळेची पोरं चढतात, कुणी भाजीची पिशवी घेऊन स्वतःच्या दारातच उतरतं. बाबांना हे हाऊसबोटीपेक्षा जास्त आवडेल, पैज लावतो. फक्त बोट चालू आहे ना हे आदल्या दिवशी जेट्टीवर विचारून घ्या.

जमलं तर डिसेंबरच्या सुरुवातीलाच जा. नाताळच्या सुट्टीत रेट दुप्पट-तिप्पट सांगतात, शिवाय खारं पाणी शेतात येऊ नये म्हणून महिन्याच्या मध्यावर तण्णीरमुक्कम बंधाऱ्याचे दरवाजे बंद करतात, मग पाणी साचतं आणि जलपर्णी माजते. ट्रेनने जायचं तर नेत्रावती एक्स्प्रेस ठाण्याहून कोकण रेल्वेमार्गे थेट अलेप्पीला जाते, पण आईंसाठी लोअर बर्थ आधीच बघा.

जेवणाची काळजी नको, अवियल आणि तोरन या खोबरं घातलेल्या भाज्या, सांबार सगळं मिळतं, फक्त लाल जाडा भात आणि खोबरेल तेलाचा वास दोघांना चालतोय का बघा. करीमीन हा तिकडचा मासा, म्हणजे आपल्या गोव्याची काळुंदर, केळीच्या पानात भाजून प्रत्येक जण प्रेमाने पुढे करणारच. तेव्हा ‘मीन वेंडा’ म्हणायचं, म्हणजे मासे नकोत. तुम्ही स्वतः खात असाल तर मात्र आई-बाबा दुपारी झोपले की हळूच मागवा. आणि हो, डासांचं मलम विसरू नका.