बागेची धमकी मुलीला का देता?

सावंतवाडी तालुक्यातल्या एका वडिलांचं पत्र आहे. मुलीची बारावी आणि सीईटी झाली आहे. तिने संगणक अभियांत्रिकी करावी म्हणून त्यांनी पुण्यात खोलीची अनामतही भरली. मुलगी म्हणते, दापोलीच्या कृषी विद्यापीठात शिकायचंय, काजूच्या बोंडांवर, म्हणजे बीला जोडलेल्या रसाळ फळांवर, काम करायचंय. वडील विचारतात, "हे पर्यावरणाचं खूळ कसं काढू? ऐकलं नाहीस तर बागेत बोंडं वेचायला बसवीन, असं सांगितलंय तिला."

नमस्कार.

तुमच्या पत्रात मुलीचे परीक्षेतले गुण तीनदा आले आहेत आणि तिचं म्हणणं एका ओळीत, तेही 'खूळ' म्हणून. गुणांची मला काळजी वाटत नाही. त्या शेवटच्या वाक्याची वाटते. ज्या बागेवर घर चाललं, मुलीची फी भरली गेली, ती बाग तुम्ही तिला शिक्षा म्हणून दाखवता. मग उद्या पुण्याला गेलेली मुलगी बागेकडे वळून बघत नाही म्हणून कुणाला बोल लावणार? आणि खोलीची अनामत तिला न विचारता भरलीत, हेही मला आवडलेलं नाही.

ती बोंडांबद्दल का बोलते, हे तुम्ही विचारलंत का? लहानपणापासून तिने पाहिलंय की बी काढून घ्यायची आणि बोंड झाडाखाली टाकायचं. बोंडाचं वजन बीच्या कितीतरी पट असतं. त्यात 'क' जीवनसत्त्व भरपूर, पण घशाला लागणारा तुरटपणा आणि एक-दोन दिवसांत आंबून जाण्याची खोड, म्हणून हंगामभर बागेत कुजतं. शेजारच्या गोव्यात याच बोंडांची फेणी होते, तिला 2009 साली भौगोलिक मानांकनही मिळालं. आपल्याकडे बहुतेक बोंडं मातीत जातात. तुरटपणा कसा काढायचा, रस कसा टिकवायचा, चोथ्याचं काय करायचं, हे खरे संशोधनाचे प्रश्न आहेत, आणि ते तुमच्या मुलीला तुमच्याच बागेत सुचले.

आता तुमचा गैरसमज. "शाश्वत विकास म्हणजे झाडं लावणं आणि पोस्टर रंगवणं, विद्यापीठातल्या संशोधनाचा शेतकऱ्याला काय उपयोग?" असं तुम्ही लिहिता, आणि वरच्याच परिच्छेदात अभिमानाने सांगता की बाग सगळी वेंगुर्ला-4 आणि वेंगुर्ला-7 ची आहे. अहो, या जाती आल्या कुठून? वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रातून. ते दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचंच केंद्र आहे. कुणीतरी वर्षानुवर्षं संकर केले, रोपं वाढवली, निवडली, नाकारली, तेव्हा वेंगुर्ला-7 ची साधारण 10 ग्रॅमची बी तुमच्या हातात पडली. रायगडात खाडीचं खारं पाणी शिरणाऱ्या शेतात भात तगावं म्हणून पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राने पनवेल-1, 2, 3 या जाती काढल्या. आहे त्या जमिनीत पीक तगवणं, काढलेलं वाया न घालवणं, हेच ते टिकाऊपणाचं संशोधन. तुम्ही त्यावरच जगता आहात.

वाट सोपी आहे असं मात्र मी म्हणणार नाही. पदवीला चार वर्षं, मग पदव्युत्तर, मग पीएच.डी. नेट-जेआरएफ ही संशोधनासाठीची राष्ट्रीय शिष्यवृत्ती मिळाली तर 2023 पासून महिना 37,000 रुपये मिळतात, पण ती सगळ्यांना मिळत नाही. विद्यापीठातल्या कायम जागा थोड्या आणि भरतीला वेळ लागतो. मुलीला हे आजच सांगा, लपवू नका.

प्रवेशाचं एका ओळीत: सीईटी झालीच आहे, कृषी, अन्नतंत्रज्ञान आणि कृषी अभियांत्रिकीची प्रवेशप्रक्रिया इंजिनिअरिंगहून वेगळी असते, तो अर्ज स्वतंत्र भरावा लागतो, तारीख चुकवू नका. बोंडांच्या प्रक्रियेतच रस असेल तर तिने अन्नतंत्रज्ञान आधी बघावं, असं माझं मत.

आणि तिला मनापासून संगणकच आवडत असेल तर तेही उत्तम. पण ते तिने सांगायला हवं. या आठवड्यात तिला घेऊन वेंगुर्ल्याच्या केंद्रावर जा. तिथल्या शास्त्रज्ञांशी तिला बोलू द्या, तुम्ही मधे बोलू नका. परत आल्यावर पुढचं पत्र तिलाच लिहायला सांगा, उत्तर मी तिच्या नावाने देईन. तोवर पुण्याच्या खोलीची अनामत परत मिळते का, ते विचारून ठेवा.