‘ऑन द रोड’मधली माणसं कायम घोळक्यात असूनही इतकी एकटी का वाटतात?

जॅक केरुअ‍ॅकच्या या कादंबरीत नाती टिकत नाहीत ती सततच्या भटकंतीमुळे का, असंही तुम्ही विचारलंय. मला तसं वाटत नाही. एकटेपण आधीपासूनच आहे, भटकंती नंतर सुरू होते. पहिल्याच परिच्छेदात गोष्ट सांगणारा सॅल म्हणतो की त्याचा संसार मोडलाय, तो आजारपणातून उठलाय आणि सगळं संपल्यासारखं वाटतंय. डीन, ज्याच्यासोबत तो पुढे रस्ते पालथे घालतो, त्याला भेटतो तो यानंतर. डीनचा बाप डेन्व्हरच्या रस्त्यांवरचा दारुडा. त्या बापाचा शोध कादंबरीभर चालतो, आणि तो शेवटपर्यंत सापडत नाही.

डीन खोटारडा प्रेमी आहे असं मला कधीच वाटलं नाही. मेरीलू, कॅमिल, इनेझ, प्रत्येकीवर तो त्या त्या क्षणी जीव ओवाळून टाकतो. पण दुसऱ्या दिवसाचं ओझं आलं, भाडं, आजारपण, मूल, की त्याचा पाय घरात ठरत नाही. याची किंमत मागे राहणारी माणसं मोजतात. गॅलेटियाचंच बघा. डीनचा मित्र एड डंकल तिच्याशी लग्न करतो, प्रवासात तिचे पैसे संपतात, आणि तो आणि डीन तिला टूसॉनमधल्या एका हॉटेलात सोडून चक्क सटकतात. पुढे सॅन फ्रान्सिस्कोत हीच गॅलेटिया सगळ्यांसमोर डीनला सुनावते: तुला स्वतःच्या मौजेपलीकडे कुणाचीच पर्वा नाही. डीनकडे उत्तर नसतं. माझ्या मते कादंबरीतलं हे सर्वांत महत्त्वाचं प्रकरण आहे, आणि रस्त्याच्या नशेत अनेक वाचक ते भरकन उलटून पुढे जातात.

त्यावेळी सॅल डीनची बाजू घेतो. पण त्याचा तरी हिशेब कुठे चोख आहे? वाटेत भेटलेली टेरी आणि तिच्या लहान मुलाबरोबर तो कॅलिफोर्नियात कापूस वेचतो, तंबूत राहतो. ते दिवस खरोखर सुखाचे आहेत. तरीही तो निघतो. न्यूयॉर्कला भेटू म्हणतात, आणि ते होणार नाही हे दोघांनाही ठाऊक असतं. डीनमध्ये आणि त्याच्यात फरक एवढाच की सॅलला परतायला घर आहे.

मेक्सिकोत सॅल तापाने फणफणलेला असताना डीन त्याला तिथेच टाकून जातो. सॅलला राग येतो, तरी डीनचं आयुष्य किती गुंतागुंतीचं आहे हेही त्याला कळतं. ही समज मला फार मोलाची वाटते, कारण ती माफीही नाही आणि निवाडाही नाही.

एक सुचवतो. डीनची बायको कॅमिल जिच्यावरून बेतली आहे त्या कॅरोलिन कॅसडीच्या आठवणी ‘ऑफ द रोड’ नावाने 1990 साली आल्या. घरी मुलं सांभाळत थांबलेल्या बाईला हा सगळा काळ कसा दिसला, ते त्यात आहे. केरुअ‍ॅकनंतर लगेच ते पुस्तक हाती घ्या.