अटक झाली होती, शिक्षा नाही: व्हिसाच्या फॉर्मात ‘यस’ की ‘नो’?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: 2015 मध्ये घाटकोपरच्या सोसायटीत पार्किंगवरून हाणामारी झाली, आयपीसीची 324, 504, 506 ही कलमं (दुखापत, अपमान, धमकी) लागली, तुम्हाला अटक झाली आणि दुसऱ्या दिवशी जामीन मिळाला. 2019 मध्ये कोर्टानं निर्दोष सोडलं. आता बहिणीकडे न्यू जर्सीला जायचंय, बी1/बी2 (पर्यटन-व्यवसायाचा) व्हिसा हवाय आणि एजंट म्हणतोय, “शिक्षाच नाही ना? मग बिनधास्त ‘नो’ टाका.”

एजंटाचं ऐकू नका. ‘यस’च लिहायचं.

डीएस-160 मधला, म्हणजे अमेरिकी व्हिसाच्या ऑनलाइन अर्जातला, तो प्रश्न एकदा सावकाश वाचा. अटक किंवा दोषसिद्धी, दोन्ही एका दमात विचारलंय, आणि नंतर माफी मिळाली असली तरी सांगा, असंही जोडलंय. तुम्ही गुन्हा केला का, हे तिथे विचारलेलंच नाही. अटक झाली होती का? झाली होती.

पासपोर्टचं पोलीस व्हेरिफिकेशन क्लिअर आलं, पीसीसीही (पोलिसांचं क्लिअरन्स सर्टिफिकेट) मिळालं, असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. आपल्या पासपोर्टवाल्यांचा रोख असतो तो चालू खटला आणि शिक्षा यांवर. 2019 नंतर तुमच्यावर काही चालू नाही, म्हणून ते क्लिअर. त्यानं 2015 ची अटक पुसली जात नाही.

आता एजंटाचं नेहमीचं, “त्यांना कळणार कुठून?” ई-कोर्ट्सच्या साइटवर पक्षकाराचं नाव टाकून कुणीही खटला शोधू शकतं. आणि ज्या शेजाऱ्याशी मारामारी झाली तो अजून त्याच बिल्डिंगमध्ये राहतो ना? पण खरा मुद्दा पकडले जाण्याचा नाहीच. अटक होऊन निर्दोष सुटका, एवढ्यानं अमेरिकेचा कायदा कुणाला अपात्र ठरवत नाही. जाणूनबुजून खोटी माहिती दिली तर मात्र त्यांच्या इमिग्रेशन कायद्याचं कलम 212(ए)(6)(सी) लागतं, आणि ती अपात्रता कायमची असते. मग दर वेळी वेव्हर, म्हणजे त्या अपात्रतेतून सूट, मागत बसा. जी गोष्ट सांगून निभावली असती, ती लपवून आयुष्यभराची डोकेदुखी करून घ्यायची, हा सल्ला देणाऱ्या एजंटाला फी कसली देता?

अटक म्हणजे नेमकं काय, यावर बऱ्याच जणांचा घोळ होतो. चौकीत बोलावून जबाब घेतला आणि घरी पाठवलं, ही अटक नव्हे. सीआरपीसीच्या 41अ ची नोटीस (आता त्या जागी आलेल्या बीएनएसएस कायद्याचं कलम 35) देऊन नुसतं हजर राहायला सांगितलं, हीसुद्धा नव्हे. सुप्रीम कोर्टाच्या 2014 च्या अर्नेश कुमार निकालानंतर (ऊठसूट अटक नको, असं त्यात म्हटलंय) 498अ मध्ये, म्हणजे सासरच्या छळाच्या कलमात, नाव आलेल्या कितीतरी सासवा-नणंदांची केस अशी नोटिशीवरच राहिली आहे. पण ‘टेबल जामीन’, म्हणजे पोलीस ठाण्यातच जामीन, झाला असेल, तर अटक झालेली आहे. लॉकअप पाहिलं नाही म्हणून ती मोजायची नाही, असं नसतं. कागदांत अटक पंचनामा असला की शंकाच नको.

याच्या उलटी गफलतही होते. नाकाबंदीत ड्रंक अँड ड्राइव्हमध्ये सापडलेला माणूस म्हणतो, “कोर्टात दंड भरला, मिटलं.” अहो, गुन्हा कबूल करून दंड भरला की ती दोषसिद्धीच झाली. शिवाय दारूचं प्रकरण गेल्या पाच वर्षांतलं असेल, तर व्हिसावाल्यांच्या ठरलेल्या डॉक्टरकडे तपासणीला पाठवतात, ते वेगळंच.

कागदांवर मेहनत घ्या, कारण तुमची बाजू तेच मांडतील. एफआयआर, दोषारोपपत्र आणि सगळ्यात महत्त्वाचं, निकालाची सर्टिफाइड कॉपी. वकिलानं दिलेली झेरॉक्स नको. सीएनआर नंबर (ई-कोर्ट्सवरचा खटल्याचा क्रमांक) किंवा केस नंबर घेऊन त्या कोर्टाच्या नक्कल विभागात अर्ज करा. जुनी फाइल रेकॉर्ड रूममध्ये गेली असली तर खेटे पडतात, म्हणून अपॉइंटमेंट घ्यायच्या आधीच हे काम हातात घ्या. एफआयआर मराठीत असणार, तेव्हा इंग्रजी भाषांतर हवं. ते करून घेताना तारखा आणि कलमं स्वतः ताडून पाहा. एफआयआरमध्ये 324 आणि भाषांतरात 326 अशी चूक झाली, तर साध्या दुखापतीची गंभीर दुखापत होते.

‘यस’ दाबलं की खुलाशासाठी चौकट उघडते. तिथे रडगाणं नको. कधी, कुठे अटक झाली, कोणती कलमं होती, जामीन कधी झाला, कोणत्या कोर्टानं कोणत्या तारखेला निर्दोष सोडलं, निकालाची प्रत सोबत आहे. बस. शेजारी कसा नालायक आहे, हे तिथे कुणाला नकोय.

बीकेसीतल्या अमेरिकी वकिलातीत मुलाखतीला खिडकीसमोर उभे राहाल तेव्हाही तेच, दोन-तीन वाक्यांत. फोन आत नेता येत नाही, त्यामुळे पीडीएफच्या भरवशावर राहू नका, छापील फाइल ठेवा. विचारलं तर खरं सांगा, पण फुशारकीत “हो, एक ठेवून दिली होती त्याला” असलं काही बोलू नका. काही गुन्ह्यांत शिक्षा झालेली नसली तरी स्वतःच्या तोंडची कबुली त्यांच्या कायद्यात मोजली जाते. कधी 221(जी) ची स्लिप देऊन जादा कागद मागतात आणि थांबवतात. तो कायमचा नकार नव्हे, कागद द्या आणि वाट पाहा. 214(बी) खाली नकार आला तर मात्र अटकेला दोष देऊ नका. तो नकार तुम्ही परत याल याची त्यांना खात्री न पटल्याचा असतो, आणि तो कधी पोलीस चौकीचं तोंडही न पाहिलेल्यांना सर्रास मिळतो.

एजंटानं ‘नो’ टाकून फॉर्म सबमिट केला असेल, तर मुलाखतीआधी नवा डीएस-160 भरा. मागच्या एखाद्या व्हिसाच्या वेळीच ‘नो’ गेलेलं असेल, तर मात्र आधी अमेरिकी इमिग्रेशन वकिलाला विचारा. त्यात माझ्यासारख्याच्या सल्ल्यावर जाऊ नका.

आणि वहिनी आणि मुलगा सोबत येणार आहेत म्हणालात. त्यांच्या फॉर्मात त्यांचं उत्तर ‘नो’च. तुमची अटक त्यांच्या नावावर चढत नाही.