चाकणला आधी चौक मोकळे करा

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. पुणे-नाशिक महामार्गावर नाशिक फाटा ते खेड (राजगुरुनगर) हा खांबांवरचा उन्नत मार्ग झाला की चाकणची कोंडी सुटेल का, आणि तो होईपर्यंत करण्यासारखं काही आहे का. मी चाकणच्या एमआयडीसीत वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात बावीस वर्षं डिस्पॅच, म्हणजे माल रवाना करण्याचं काम, सांभाळलं. चाकणच्या तळेगाव चौकात वाट बघण्यात त्यातला बराच वेळ गेला, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

उन्नत मार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२४ मध्ये मंजुरी दिली. ३० किलोमीटर, आठ पदरी, ७,८२७ कोटींचं काम. तो व्हायलाच हवा. पण याच महामार्गावर नारायणगाव, मंचर, राजगुरुनगर इथे बाह्यवळण झालं आणि गावाने श्वास घेतला, म्हणून चाकणचंही तसंच होईल असं समजू नका. त्या गावांतून जाणाऱ्या बहुतेक गाड्यांचं गावात काही काम नव्हतं. पुण्याहून निघून नाशिकला जायचं, एवढंच. चाकणचं उलटं आहे. इथल्या गाड्या चाकणलाच येतात, इथेच वळतात, इथेच माल उतरवतात. उन्नत मार्गावरून येणारी गाडीसुद्धा शेवटी खाली उतरणार आणि आंबेठाण चौकाकडे किंवा तळेगाव चौकाकडेच जाणार.

त्यात तळेगाव चौकात दोन अवजड प्रवाह एकमेकांना छेदतात. एक पुणे-नाशिक. दुसरा तळेगाव-चाकण-शिक्रापूर. मुंबईकडून द्रुतगती मार्गाने आलेले कंटेनर रांजणगावला, नगरला जायला पुणे शहर टाळून हाच रस्ता धरतात. मोकळ्या पदरातून दर दोन सेकंदांना एक मोटार जाते असं साधारण धरतात, म्हणजे तासाला १,८००. चौकात चारही बाजूंना वेळ वाटून दिला की एका बाजूच्या वाट्याला तासातली जेमतेम पंधरा मिनिटं येतात, आणि त्याच पदरातून ४५० मोटारी निघतात. म्हणजे रस्ता मागे-पुढे कितीही रुंद केलात, तरी माप चौकाचंच लागतं.

आणि हा हिशेब मोटारींचा आहे. चाळीस फुटी कंटेनर लादलेला ट्रेलर शिक्रापूरकडे वळताना एकदा चौकात उभं राहून बघा. मागची चाकं दुभाजकाला घासत येतात. क्लीनर खाली उतरतो, हात आडवा धरून दुचाक्या थांबवतो. दोन दुचाक्या तरीही त्याच्या बगलेतून निसटतात, ट्रेलर पुन्हा थांबतो. तो पुरता वळेपर्यंत दिवा लाल झालेला असतो आणि मागची रांग जागच्या जागी. शिफ्ट सुटायच्या वेळी त्यात कंपन्यांच्या बसची भर. कामगार चौकाच्या तोंडाशी उभे, म्हणून बस तिथेच थांबते, तिच्यामागे दुसरी, शेजारी सहा आसनी रिक्षा. डावा पदर गेलाच म्हणून समजा. शनिवारी बाजाराच्या गाड्या असतात, त्यांना तर दुसरा रस्ताच नाही.

आता माझ्याच कामातली गोष्ट सांगतो, कारण ती बाहेरून दिसत नाही. आमचा माल गिऱ्हाइकाच्या गेटवर ठरलेल्या वेळेलाच आत घेत. एकदा आमचा टेम्पो चौकात अडकला आणि गिऱ्हाइकाची उत्पादनाची लाईन थांबली. त्याचा दंड आम्हाला बसला. त्यानंतर मी अर्ध्या तासाच्या रस्त्यासाठी गाडी दोन तास आधी सोडायला लागलो. ज्या दिवशी रस्ता मोकळा मिळे, त्या दिवशी ती लवकर पोचे, पण गेट काही उघडत नसे. मग गाडी रस्त्याच्या कडेला उभी. माझ्यासारखे डिस्पॅचवाले प्रत्येक कारखान्यात होते. कडेला उभ्या राहिलेल्या या गाड्यांनी एकेक पदर खाल्ला, त्यामुळे कोंडी वाढली, आणि कोंडी वाढली म्हणून आम्ही गाड्या आणखी लवकर सोडल्या. चालक बिचारे केबिनमध्येच स्टो पेटवून जेवण करायचे. ना संडास, ना पाणी.

म्हणून माझ्या मते पहिली मागणी ट्रक टर्मिनलची हवी. एमआयडीसीतच जागा द्यावी, चालकांची सोय करावी आणि गेटवरून बोलावणं आलं की मगच गाडी रस्त्यावर यावी. गर्दीच्या वेळी अवजड वाहनांना बंदी घातली जाते, तीही अशी जागा असेल तरच उपयोगाची. नाहीतर थांबवलेली रांग चौकातून निघून कुरुळी फाट्यावर जाऊन उभी राहते, एवढाच फरक.

दुसरं म्हणजे शिफ्टच्या वेळा. शेजारच्या चार कंपन्यांनी अर्ध्या-अर्ध्या तासाचा फरक ठेवला तर एक रुपयाही खर्च नाही. आमच्याकडे हा विषय दोनदा निघाला, पण बसचा ठेकेदार एकच आणि त्याच्या फेऱ्या बांधलेल्या, म्हणून मागे पडला. तो प्रश्न सुटण्यासारखा आहे, सगळ्या एचआरवाल्यांना एका टेबलावर बसवणारं कुणीतरी हवं.

शिक्रापूरकडे जाणाऱ्या कंटेनरचं खरं औषध पुण्याचा रिंग रोड आहे. उर्सेजवळून पूर्वेकडे जाणारा त्याचा भाग सुरू झाला की नगर-सोलापूरकडची अवजड वाहनं चाकणला येण्याचं कारणच उरणार नाही. चाकणपुरतं बोलायचं तर मी त्याला उन्नत मार्गाच्या वर ठेवीन.

तुमच्याच्याने आत्ता होण्यासारखं एक काम आहे. बसथांबे चौकापासून दीडशे-दोनशे मीटर मागे घ्या असा अर्ज नगरपरिषदेला आणि वाहतूक पोलिसांना द्या. बस रस्त्याबाहेर थांबेल एवढा खाचा आणि माणसांना उभं राहायला शेड त्यात मागा. शेड नसेल तर पावसात लोक पुन्हा चौकातल्या दुकानांच्या वळचणीला येतात आणि बसही त्यांच्यामागे येते. अर्जावर कामगारांच्या सह्या घ्या, सकाळच्या आणि रात्रीच्या, दोन्ही पाळ्यांच्या.