ऊस वाढला, पण ड्रिपमुळंच का?

प्रश्न : ताई, आमच्या शिरोळकडच्या गावात ठिबकची सबसिडी आली आणि एकरी उतारा ४० टनावरनं ४६ वर गेला, म्हणजे योजना पास झाली म्हणायची ना?

उत्तर : दादा, लगेच नाही म्हणता येत. समजा शेजारच्या गावात ठिबक नसताना पण ४० चे ४४ झाले, तर चार टन पावसाचे नाहीतर नव्या बियाण्याचे, ठिबकचे फक्त दोनच उरतात. आणि खरी गोम पुढंच आहे, सबसिडीचा फॉर्म भरतो कोण, तर ज्याच्याकडं विहीर, पैसा आणि तालुक्याला हेलपाटे मारायला वेळ आहे तो, मग त्याचा ऊस आधीपासनंच चांगला असतो आणि श्रेय मात्र योजनेला जातं! म्हणून मेक्सिकोत १९९७ ला सुरू झालेल्या प्रोग्रेसा योजनेत (मुलं शाळेत पाठवली तर गरीब घरांना सरकारी पैसे, अशी योजना) ५०६ गावं घेतली, त्यातल्या चिठ्ठी टाकल्यासारख्या निवडलेल्या ३२० गावांना पैसे आधी दिले, १८६ ना नंतर, आणि मधल्या काळात दोन्हीकडची मुलं शाळेत किती जातात ते मोजलं. आपल्याकडं पण हे व्हायलाच पाहिजे, पैसा आपलाच आहे. तुम्ही निदान ठिबक न घेतलेल्या, तुमच्यासारख्याच जमिनीवाल्यांचे मागच्या तीन वर्षांचे आकडे गोळा करा.