वाचकांचे प्रश्न : डोस कमी, मग काळजी का जात नाही?

प्रश्न : मॅडम, मी मानसशास्त्रात एम.ए. करतेय. प्रबंधासाठी फुकुशिमाच्या विस्थापितांवरचं संशोधन वाचायला घेतलंय. बहुतेकांच्या अंगात गेलेला किरणोत्सर्ग कमीच होता असं जागोजागी लिहिलंय, तरी मानसिक त्रास मात्र भरपूर. हा गैरसमजाचाच परिणाम म्हणायचा ना? आणि हे संशोधक नेमकं मोजतात तरी काय?
– एक विद्यार्थिनी

उत्तर : मोजण्यापासून सुरुवात करते. मार्च २०११ मध्ये जपानच्या फुकुशिमा अणुवीज प्रकल्पात झालेल्या अपघातानंतर फुकुशिमा वैद्यकीय विद्यापीठाने विस्थापित भागातल्या सुमारे २,१०,००० लोकांना प्रश्नावल्या पाठवायला सुरुवात केली. मोठ्यांच्या प्रश्नावलीत के-६ नावाची छोटी चाचणी असते. गेल्या तीस दिवसांत किती वेळा आशाच उरली नाही असं वाटलं, किती वेळा साधं कामही डोंगराएवढं वाटलं, असे सहा प्रश्न. प्रत्येकाला शून्य ते चार गुण. बेरीज १३ किंवा जास्त आली की त्रास गंभीर असावा असं धरतात. एरवी जपानमध्ये असे लोक ३ टक्क्यांच्या आसपास भरतात. पहिल्या सर्वेक्षणात ते १४.६ टक्के निघाले.

त्याच प्रश्नावलीत आणखी एक प्रश्न होता : या किरणोत्सर्गाचा परिणाम तुमच्या मुलानातवंडांवर होईल असं वाटतं का? पहिल्या वर्षी सुमारे ६० टक्के लोकांनी होण्याची शक्यता आहे असं उत्तर दिलं. हिरोशिमा-नागासाकीतून वाचलेल्यांच्या मुलांचा अनेक दशकं अभ्यास झालाय आणि त्यांच्यात आनुवंशिक दोष वाढल्याचं आढळलेलं नाही. तुम्ही ‘गैरसमज’ म्हणता तो इथे. पण वाचलेल्यांना आणि त्यांच्या मुलांना लग्न जमवताना काय सोसावं लागलं, हे जपानमध्ये घरोघरी ठाऊक आहे. फुकुशिमाची आई त्या चौकटीत खूण करते तेव्हा तिच्या डोळ्यांपुढे जनुकं नसतात, मुलीचं लग्न असतं. ती भीती खोटी आहे असं मी तरी म्हणणार नाही.

नामिए गावाचं उदाहरण प्रबंधात जरूर घ्या. तिथले लोक प्रकल्पापासून लांब जायचं म्हणून त्सुशिमा भागात जाऊन राहिले. मुलं बाहेर खेळत होती, ओढ्याच्या पाण्यात भात शिजत होता. वाऱ्याने किरणोत्सर्ग नेमका तिकडेच वाहून नेला. तो कुठे पसरेल याचे संगणकीय अंदाज सरकारी यंत्रणेकडे होते, पण ते या लोकांपर्यंत वेळेत पोचलेच नाहीत. त्यानंतर त्याच सरकारने ‘काळजीचं कारण नाही’ म्हटलं, तर ऐकणाऱ्याने विश्वास का ठेवावा? धोक्याचा अंदाज माणूस आकड्यावरून बांधतो तितकाच सांगणाऱ्यावरूनही बांधतो.

आणखी एक गोष्ट सांभाळा. भीती जास्त त्यांना त्रासही जास्त, असं या अभ्यासांत दिसतं. त्यावरून भीतीमुळेच त्रास होतो असं लिहून मोकळ्या होऊ नका. मन खचलेलं असलं की धोकाही मोठा दिसतो. शिवाय घर, शेजार, काम सगळं एकदम गेलेलं असतं. एका वेळच्या सर्वेक्षणातून यातलं आधी काय आणि नंतर काय ते कळत नाही.

प्रश्न : लोकांना आकडे सोप्या भाषेत समजावून सांगितले तर भीती जाणार नाही का? – एक निवृत्त शिक्षक

उत्तर : सर, समजावणं हवंच. पण फळ्यापाशी उभं राहून समजावल्याने फार फरक पडतो असं मला वाटत नाही. चेर्नोबिलनंतर बेलारूसच्या ओल्मानी गावात १९९६ पासून एथोस नावाचा प्रकल्प चालला. तिथे आयांनी स्वतः घरातली, दुधातली मोजमापं घेतली. पुढे फुकुशिमा प्रांतातल्या सुएत्सुगी या छोट्या वस्तीतही लोकांनी हाच मार्ग धरला. तासातासाचा डोस, म्हणजे शरीराला मिळालेला किरणोत्सर्ग, नोंदवणारं छोटं यंत्र ते अंगावर बाळगत. मग तो आलेख आणि आपण कुठल्या वेळी कुठे होतो याची आठवण शेजारी ठेवायची. अमुक तासाला रेघ वर का गेली? शेतात होतो म्हणून, की डोंगराकडे गेलो होतो म्हणून? ‘इथे राहणं सुरक्षित आहे का?’ याचं उत्तर कुणी परस्पर देत नाही. आज कुठे जायचं, कुठली भाजी तपासून घ्यायची, हे माणूस स्वतः ठरवायला लागतो. काहींनी तरीही परतायचं नाही असं ठरवलं. तो निर्णयही तितकाच शहाणपणाचा मानायला हवा. सगळ्यांना ‘घाबरू नका’ या एका उत्तरावर आणणं हे आमचं काम नाही.

प्रश्न : मग लोकांना हलवायलाच नको होतं का? – एक वाचक

उत्तर : असं सरसकट म्हणता येणार नाही. पण हलवण्याचीही किंमत होती. रुग्णालयांतल्या अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांना तासन्‌तास बसमधून नेलं, त्यात अनेक जण दगावले. विस्थापनातले हाल, थंडी, तुटलेले उपचार अशा कारणांमुळे झालेले मृत्यू जपानमध्ये ‘आपत्तीसंबंधित’ म्हणून वेगळे नोंदवतात. फुकुशिमा प्रांतात त्यांची संख्या २,३०० च्या पुढे गेली. भूकंप-त्सुनामीत थेट गेलेल्यांपेक्षाही ती जास्त आहे. रुग्णाला हलवण्याआधी सोबत डॉक्टर, औषधं आणि पोचल्यावर पलंग आहे का, हे पाहणं आता आण्विक आपत्तीच्या तयारीचाच भाग मानलं जातं.

आणि विद्यार्थिनीसाठी एक राहिलंच. के-६ मध्ये जास्त गुण आलेल्यांना विद्यापीठातून फोन जातो. परिचारिका किंवा मानसशास्त्रज्ञ झोपेबद्दल, दारूबद्दल, घरच्यांबद्दल विचारतात, गरज वाटली तर पुढे डॉक्टरांकडे पाठवतात. या फोनसेवेवरचे लेख आधी वाचा, टक्केवारीचे तक्ते नंतर.