बागेचे प्रश्न : कोळी पानाच्या पाठीवर असतो

प्रश्न : गच्चीवर गुलाबाच्या बारा कुंड्या आहेत. मार्चपासून पानांवर सुई टोचल्यासारखे फिकट ठिपके येतात, मग पान करपट होऊन गळते. निंबोळी तेल दोनदा फवारले, फरक नाही. (राजारामपुरी, कोल्हापूर)

उत्तर : लक्षणे लाल कोळ्याची, म्हणजे पानाचा रस शोषणाऱ्या अगदी बारीक जीवाची आहेत, पण आधी खात्री करा. बुंध्याजवळचे एक पान पांढऱ्या कागदावर धरून टिचकी मारा. तिखटाच्या कणाएवढे ठिपके पडतील. मिनिटभर पाहत राहा. ते चालू लागले तर कोळीच. नावाने लाल असला तरी तो बऱ्याचदा पिवळट-हिरवा असतो आणि पाठीच्या दोन्ही बाजूंना एकेक काळा डाग दिसतो. पानांमध्ये बारीक जाळी दिसू लागली म्हणजे संख्या फार वाढली असे समजा.

तेल वाया जाण्याची कारणे बहुधा दोन. एक, फवारा पानाच्या वरून मारला जातो आणि कोळी राहतो पाठीवर. दुसरे, निंबोळी तेलाने अंडी फारशी मरत नाहीत. तिशीच्या तापमानात अंडी साधारण तीन दिवसांत फुटतात आणि आठ-दहा दिवसांत नवी पिढी अंडी घालू लागते. म्हणून पंधरा दिवसांच्या अंतराने केलेल्या दोन फवारण्या पुरत नाहीत. पाच-पाच दिवसांनी चार करा.

पहिल्या दिवशी सकाळी जास्त खराब पाने तोडून पिशवीत बांधून कचऱ्यात द्या, कंपोस्टमध्ये टाकू नका. कुंडीच्या मातीवर प्लास्टिक घाला, कुंडी आडवी करा, पाइपाच्या तोंडावर बोट धरून खालून वर जोराचे पाणी मारा. निम्मे काम यानेच होते, आणि हेच सगळे टाळतात. सकाळी अशासाठी की पाने दिवसा वाळली पाहिजेत, नाहीतर गुलाबावर काळे ठिपके येतात.

संध्याकाळी पाचनंतर फवारणी. वाटीत 5 मिली निंबोळी तेल आणि 2 मिली भांड्यांचा लिक्विड साबण दुधासारखे पांढरे होईपर्यंत घोटा, मग थोडे-थोडे करत 1 लिटर कोमट पाणी मिसळा. वर तेलाचा तवंग दिसला तर ते द्रावण मारू नका, तिथे-तिथे पान जळते. बोअरच्या जड पाण्यात साबण फाटतो, नळाचे पाणी घ्या. बाटली मधूनमधून हलवा, द्रावण त्याच दिवशी संपवा. बारा कुंड्यांना दीड-दोन लिटर लागेल. पानाच्या पाठीवरून थेंब ठिबकेपर्यंत भिजले पाहिजे. आदल्या दिवशी दोन पानांवर मारून बघितलेले बरे.

प्रश्न : निपाणीची तंबाखू उकळून त्याचा काढा मारला तर? (कागल)

उत्तर : मारू नका. तंबाखूतले निकोटिन मावा या किडीवर चालते, कोळ्यावर नीट चालत नाही. कोळ्याला आठ पाय असतात, तो कीटकच नाही. शिवाय निकोटिन कातडीतून अंगात भिनते आणि माणसाला विषारी आहे. तंबाखूतून मोझॅक विषाणू टोमॅटो-मिरचीवर येण्याची भीती असते, ती वेगळीच.

प्रश्न : परसात वांगी आणि दोडका आहे. वांग्यातल्या अळीसाठी औषध मारले, त्यानंतर कोळी फार वाढला. गंधक मारू का? (करवीर)

उत्तर : औषध आणि कोळी यांचा संबंध आहे. अळीवरच्या कित्येक औषधांनी, विशेषतः पायरेथ्रॉइड गटातल्या, कोळी खाणारे मित्रकीटक मरतात. टाचणीच्या डोक्याएवढा काळा ढालकिडा त्यातलाच एक. तो आधी जातो, कोळी मागे उरतो आणि मोकाट वाढतो. ते औषध आधी थांबवा. अळीसाठी किडके शेंडे आणि किडकी वांगी तोडून नष्ट करा.

पाण्यात मिसळणारे 80 टक्क्यांचे गंधक लिटरला 2 ग्रॅम या प्रमाणात वांग्यावर चालते, पण पारा 32 अंशांच्या वर असेल तर पाने भाजतात. म्हणजे आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये नकोच. दोडक्या-काकडीवर कधीच नको. तेल मारल्यानंतर दोन आठवडे गंधक मारू नका, आणि उलटही नाही.

आता निंबोळी अर्क घ्या. वाळलेल्या निंबोळ्यांच्या गराची 50 ग्रॅम भरड 1 लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी फडक्यातून पिळून गाळा, 1 मिली साबण घालून संध्याकाळी फवारा. नीट गाळले नाही तर नोझल चोंदते. तोडणी आधी उरकून घ्या, पुढची तीन दिवसांनी, आणि भाजी धुऊन वापरा.

प्रश्न : हॉलमधल्या अरेका पामला कोळी आहे. घरात तेलाचा वास नको. (ताराबाई पार्क)

उत्तर : तेल नकोच. बाथरूममध्ये शॉवरखाली धरा, मग ओल्या सुती फडक्याने एकेक पान मागून पुसा. दर चार दिवसांनी, तीन आठवडे. पंखा-एसीच्या थेट झोतापासून दूर ठेवा, कोरड्या हवेत कोळी झपाट्याने वाढतो. शेजारी मनी प्लांट असेल तर तोही पुसा.

प्रश्न : पाऊस लागला की कोळी आपोआप जातो ना? (रंकाळा परिसर)

उत्तर : उघड्यावरच्या झाडांवरून जूनच्या पावसात बराच धुऊन जातो. पत्र्याखालच्या आणि गॅलरीतल्या कुंड्यांवर मात्र राहतो. त्या कुंड्यांवर जुलैतही कागदाची टिचकी मारून बघा.